हुदहुदीचं शेवटचं पिल्लू

नाही, त्या खुर्चीवर नका बसू, मादाम — तिच्या पायात भुंग्याचं घर आहे. चावत नाही तो, पण वाट अडवलीत तर तोंडासमोर घुमत राहील, आणि तुम्ही म्हणाल म्हातारीने मुद्दाम बसवलं. इकडे बाकावर या, अक्रोडाच्या सावलीत. हां. काय विचारत होतात — जिना? चढते की. उतरतेही. गोळ्या घेते, गॅस बंद करते, दाराला कडी लावते. जेवायला काल टोमॅटो आणि बकरीचं चीज होतं, आजही तेच, कारण असल्या उन्हात या गावात कुणी चूल पेटवत नाही. दिदिएने सांगितलं असेल तुम्हाला, आई दिवसभर बागेत बसून किडे बघते. खरं आहे. माझा मुलगा ल्योंमध्ये दिवसभर बसून पडद्यावर आकडे बघतो — तो एकटा राहू शकतो का हे तपासायला नाही तुमच्यासारखं कुणी वही-पेन घेऊन येत.

गवत? मुद्दाम वाढवलंय. कापलेल्या गवतात राहतं कोण? शेजारचे पेलतीए दर शनिवारी यंत्र फिरवतात, त्यांची बाग नेहमी न्हाव्याकडून आल्यासारखी — आणि मग कुंपणाशी येऊन मलाच विचारतात, फुलपाखरं सगळी तुमच्याकडेच कशी हो जातात? माणूस भला आहे तसा, माझा पाव तेच आणून देतात. तो लाकडांचा ढीग दिसतो ना, त्याखाली साप आहे — अहो, पाय खाली ठेवा, बिनविषारी आहे, हिरवा-पिवळा, केरसुणीपेक्षा लांब. सकाळी ऊन खायला बाहेर येतो. मी कॉफी घेऊन इथे, तो तिथे. आमचे हे गेल्यापासून न्याहारीला तेवढीच सोबत. हे लिहू नका. बरं, लिहा. लिहा की, मला काय त्याचं.

आता पडल्याचं विचारणार, हो ना? दिदिएचं सगळं तिथेच अडलंय. गेल्या उन्हाळ्यात आई चक्कर येऊन पडली, दुपारभर बेशुद्ध होती, पुन्हा तसं झालं तर — म्हणून तो शहरातला वृद्धाश्रम. पाहून आले मी. वाईट नाही, सूप गरम देतात. तिथल्या बाईंनी मोठ्या कौतुकाने खोलीची खिडकी दाखवली. म्हटलं, उघडा जरा. तर म्हणाल्या, उघडत नाही, सुरक्षेसाठी तसं केलंय. मी अंगातला कोटसुद्धा काढला नाही, तशीच परत आले — आणि बेशुद्ध, बेशुद्ध! सारखं तेच ऐकायचं. नव्हते मी बेशुद्ध.

हो, मीच सांगितलं होतं तसं. डॉक्टरांना, दिदिएला, पेलतीएंना. नव्हते पण. आता तोंडातून निघालंच आहे तर ऐका. घेवड्याच्या शेंगा तोडायला त्या दगडी भिंतीपाशी गेले, पाय मुरगळला, आडवी झाले. चक्कर नाही, काही नाही — धोंड्यावर पाय पडला, तुमचाही पडला असता. मनगट मोडलं ते कळलं, कमरेत अशी कळ की उठवेना. हाक मारणार एवढ्यात भिंतीच्या भोकाशी हुदहुदी आली. बघितलीय कधी? नारिंगी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर पंख्यासारखा तुरा. घरट्याची घाण एवढी की पेलतीए नाक धरून रस्त्याने जातात. पिल्लं सगळी उडाली होती, एक मागे राहिलं होतं. भोकातून डोकं काढून ओरडत होतं. आणि आई चोचीत अळी धरून समोर उभी — देत नव्हती. एरवी भरवून भुर्रकन जायची. त्या दिवशी अळी दाखवायची आणि दोन पावलं मागे सरायची. पिल्लू ओरडायचं, ही आणखी मागे. एवढी वर्षं या बागेत बसते, पण हे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मी गवतात आडवी, माझं डोकं तिच्या पायांच्या उंचीला. तिने मला बघितलं, आणि सोडून दिलं. गवतातलंच काहीतरी समजली असेल.

तेवढ्यात पेलतीए कुत्रा घेऊन पलीकडून गेले. हाक मारली त्यांनी, रोज मारतात. ‘मादाम सोलांज, बऱ्या आहात ना?’

मी बोलले नाही. श्वास धरून पडून राहिले. बोलले असते तर ते फाटकातून आत आले असते, मागून कुत्रा, मग डॉक्टर, गाडी, अर्धा गाव — आणि पिल्लू आत दडलं असतं. ते पुढे गेले. दुखत होतं, फार दुखत होतं, मुंग्या मानेवर चढत होत्या, आणि एकदा वाटलंही की झालं, आता इथेच संपतंय. भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण हाक नाही मारली. उन्हं उतरली तेव्हा ते पिल्लू बाहेर पडलं — उडालं कसलं, धपकन खालीच आलं, माझ्या चपलेपाशी. मग अंग झाडलं, आणि गेलं त्या नासपतीच्या झाडावर. तेव्हा मी ओरडले. इतकी ओरडले की पेलतीए पायमोज्यांवर धावत आले.

दिदिएने दवाखान्यात पहिलं काय विचारलं माहितीय? आई, तू हाक का नाही मारलीस? रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळे असे लाल. त्याला काय सांगू — तू काळजीने अर्धा होशील हे माहीत होतं, तरी एका पाखरासाठी गप्प पडून राहिले? बेशुद्ध होते म्हटलं. रडला बिचारा, माझा हात धरून. त्या एका शब्दावर आता मला त्या बंद खिडकीमागे नेऊन ठेवायला निघालाय, आणि दोष त्याचा नाही.

पेन का खाली ठेवलंत? लिहा ना. शुद्धीत होती, डोकं ठिकाणावर होतं, स्वतःच्या मर्जीने पडून राहिली. अधिक वाईट दिसतं का हे? दिसू दे. दिदिएला तुम्ही नका कळवू, रविवारी त्याचा फोन येतो, मीच सांगेन. चिडेल. महिनाभर बोलणार नाही कदाचित. चिडू दे — माझ्यावर, खऱ्या माझ्यावर चिडू दे, त्या बेशुद्ध पडणाऱ्या बाईची कीव करण्यापेक्षा ते बरं.

काय म्हणालात? पुन्हा पडलात तर हाक माराल का?

ते तेव्हा समोर काय चाललंय त्यावर आहे, मादाम. या आता. फाटकाची कडी नीट लावा.