पियानोतला दिवा

(दक्षिणेतल्या समुद्रकाठच्या शहरातला वेस्ट मांबलमचा फ्लॅट. गळ्याच्या ऑपरेशननंतर पुण्याला भाची रेवाकडे राहून रत्नप्रभा कालच परतली आहे. समोर भावजय सुनंदा.)

रत्नप्रभा : ही पट्टी दाबली की खालीच बसते. ही पण. पियानोतला दिवा कोणी बंद केला, सुनंदा?

सुनंदा : तुम्ही आधी बसा बघू, वन्सं. डॉक्टरांनी जास्त बोलू नका सांगितलंय ना?

रत्नप्रभा : कोणी?

सुनंदा : मीच. वाजवणारं कोणी नाही, आणि त्याच्या पोटात रात्रंदिवस बल्ब चालू. म्हटलं, उगाच कशाला जाळायचा?

रत्नप्रभा : इथल्या दमट हवेनं लाकूड फुगतं गं. त्या बल्बच्या उबेवर हा इतकी वर्षं तगला. आणि तू ऐन दिवाळीच्या पावसात घालवलास!

सुनंदा : मला मेलीला काय ठाऊक? कधी सांगितलंत?

रत्नप्रभा : कधी विचारलंस? एग्मोरच्या हॉटेलात जन्मभर जॅझ गायले, वाजवलं. एकदा तरी आलात दोघं? तुझा नवरा महाराष्ट्र मंडळात सांगत फिरायचा, ताई हॉटेलात टेलिफोनवर बसते!

सुनंदा : रेवाचं लग्न व्हायचं होतं. आत्या दारू पिणाऱ्यांपुढे गाते म्हटल्यावर कोण पुढे आलं असतं?

रत्नप्रभा : त्याच गाण्यावर रेवाचं कॉलेज झालं. ते बरं चाललं!

सुनंदा : झालं, काढा उणंदुणं. ट्यूनरला बोलवू या, करेल तो नीट.

रत्नप्रभा : तू देवळात होतीस तेव्हा येऊन गेला. आतली फळीच उकललीय. म्हणाला, शोभेला ठेवा.

सुनंदा : अगंबाई! आणि रविवारी पेरुंगुडीची ती मुलं तुमचं वाजवणं रेकॉर्ड करायला येणार होती ना? दुसरा पियानो नाही का मिळायचा?

रत्नप्रभा : कोण देतंय? हॉटेलानंही आपला विकला, तिथे आता कोणी पोरगी कीबोर्ड बडवते. त्या मुलांतल्या कनकाला फोन करून नको म्हटलं. इतकी वर्षं लोकांनी जेवता जेवता ऐकलं आणि हात धुऊन गेले. माझं एक गाणं कुठे राहिलं नाही. आता गळा गेलाच. वाटलं होतं, निदान हात तरी मागे राहतील.

सुनंदा : मी का तुमचं वाईट चिंतीन, वन्सं? तुम्ही गेलात त्या दिवशीच देवापुढे अखंड दिवा लावला, तुमचा गळा सुटावा म्हणून. रात्री उठउठून तेल घातलं. एकदाही विझू दिला नाही, देवाशपथ.

रत्नप्रभा : अजून आहे?

सुनंदा : आहे की. बघा ना.

रत्नप्रभा : बघितला. मालव आता. उगाच कशाला जाळायचा?