छापील फिलिप

"हॅलो?… हॅलो!… कोण, त्र्यंबकराव? मी फिलिप, ठाण्याहून… नाही, मिठाचं काम नाही आज. गोण्या काल गेल्या. वर माडीवरच्या वर्गातून हरिहरमास्तरांना खाली बोलवा ना जरा… शिकवतायत? शिकवू द्या, पण बोलवा. म्हणावं फिलिप खोळंबलाय… हो, धरून उभा आहे."

कानाची नळी घट्ट दाबून धरून फिलिप भिंतीवरच्या पेटीसमोर उभा होता. कंपनीने मुंबईच्या कचेरीपासून ठाण्याच्या कोठारापर्यंत टेलिफोनची तार ओढली त्याला महिनाही झाला नव्हता, आणि आजवर तिच्यावरून मिठाखेरीज दुसरा विषय गेला नव्हता. आज मात्र समोरच्या बाकावर चेंदणी कोळीवाड्याची आवडाबाई पदर खोचून बसली होती. तिच्या हातात एक छापील कागद होता, आणि उत्तर घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"हॅलो?… हरिहर? अरे, मोठ्यानं बोल. विहिरीत बसल्यासारखा येतोय तुझा आवाज… हो, मीच बोलावलं. मुलांना एखादं पत्र लिहायला लाव घटकाभर. आपले जुने मास्तर आपल्याला नाही का लावायचे?… ऐक ना. तुमच्या वर्गाची जाहिरात आलीय माझ्या हातात… सुबक आहे, हो. कागद चांगला आहे. शाई चांगली आहे… अरे पण मजकूर! 'वर्गातून उत्तीर्ण झालेल्या गृहस्थांचे अनुभव.' आणि खाली, 'ठाण्याचे फिलिप म्हणतात, या वर्गात आलो आणि मी नवा माणूस झालो. पूर्वीचा फिलिप आता उरला नाही.'… हे मी कधी म्हटलं?"

आवडाबाईने मान उंचावली.

"मागच्या आठवड्यात?… इथूनच? टेलिफोनवर?… तू वाचून दाखवलंस. बरं. आणि मी काय म्हटलं?… 'हो, हो.' अरे, ते मी ऐकतोय म्हणून म्हणत होतो!… हो म्हणजे ऐकतोय. हो म्हणजे कबूल नव्हे… मग काय म्हणायचं? तू समोर असतास तर नुसती मान हलवली असती. पेटीला मान दिसते का?… तोंडी शब्द हाही करारच, ठाऊक आहे मला. मास्तर सांगायचे. पण मास्तरांच्या वेळी टेलिफोन नव्हता."

"काय म्हनतो तो?" आवडाबाईने विचारले.

"म्हणतो, मी हो म्हटलं."

"मंग म्हटलंस का?"

"म्हटलं. पण तसं म्हटलं नाही."

"हेच शिकवतात का तिथं?" आवडाबाई म्हणाली.

फिलिपने पुन्हा पेटीकडे तोंड केले. "कोण बोलतंय? अरे, हीच तर भानगड आहे. आवडाबाई बसलीय इथं. रतनची बायको… हां, तोच रतन. आमचं मीठ खाडीतून होडीनं नेतो तो. तुझ्याकडे अर्ज आलाय ना त्याचा?… मराठी लिहितो-वाचतो, शुद्ध. कंपनीचं म्हणणं असं, की वर्गात जाऊन इंग्रजी पत्रव्यवहार शिकला, तर त्याला बंदरावर कारकून करू. जागा राखून ठेवलीय. तोही एका पायावर तयार आहे… तिचीही ना नव्हती. पण काल बाजारात कुणीतरी तिला हा कागद वाचून दाखवला, आणि आता नाही म्हणते… का म्हणजे? ती म्हणते, मी नवरा पाठवीन आणि तुम्ही मला नवा माणूस परत द्याल."

"मना जुनाच पायजे," आवडाबाई बाकावरून म्हणाली.

"ऐकलंस?… हसू नकोस. मीही हसलो होतो. मग ती म्हणाली, 'फिलिपदादा, घरी रोझावहिनीला इचारून येऊ का?' मग नाही हसलो."

फिलिपने नळी या कानावरून त्या कानावर घेतली.

"हरिहर, आता मुलं नाहीत समोर. खरं सांग, त्या वर्गानं आपल्याला काय दिलं?… अक्षर दिलं. कबूल… इंग्रजी दिलं. तेही कबूल. अरे, मी नाकारत नाही काही. तिशी उलटल्यावर पाद्रीबाबांच्या पायाशी बसून अ-आ गिरवणारा मी, तुमच्या बाकावर आलो तो वर्गामुळंच… आठवतं का रे? पहिल्या दिवशी माझ्या मिशा बघून सगळा वर्ग उठून उभा राहिला. नवे मास्तर आले म्हणून!… तूच पहिला उठलास. आणि मी घाबरून तुमच्यापेक्षा खाली वाकलो… हो ना! मास्तर आत आले तर सगळे एकमेकांना वाकतायत."

फिलिप मोकळेपणी हसला. आवडाबाई हसली नाही. तिने कागदाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"ऐक. साहेबासमोर हात बांधून उभा राहायचो, तो आज खुर्चीवर बसतो. तेही वर्गाचंच. पण दोन वर्षं मुंबईत राहायचं, ही काय सक्ती? माडीवरच झोपायचं, घरी जायचं सणासुदीला. आणि कशासाठी? तर घरची बोली तोंडातून सुटावी आणि कचेरीची बोली बसावी… बसली की! इतकी बसली, की रोझानं निरोप धाडला तर मी तिला उत्तर काय लिहिलं ठाऊक आहे?… तुला नाही सांगितलं कधी. लिहिलं, 'आपला निरोप पोहोचला. मजकूर समजला. योग्य ती तजवीज केली जाईल'… अरे, मास्तरांनी घोटून घेतलं होतं, हातातून दुसरं उतरेना. पाद्रीबाबांनी वाचून दाखवलं तिला, सगळ्या शेजारणींसमोर… निरोप होय? लेकीला पहिला दात आला, एवढाच निरोप होता."

तिकडे हरिहर मोठ्याने हसला असावा, कारण फिलिपने नळी कानापासून दूर धरली.

"तुला हसायला काय जातं! रोझा अजून सोडत नाही. भात करपला, मी काही बोललो, की म्हणते, 'मजकूर समजला, योग्य ती तजवीज केली जाईल'… असो. मुद्द्यावर येतो. रतनला रोज जाऊ-येऊ दे. सकाळच्या गाडीनं येईल, संध्याकाळच्या गाडीनं घरी जाईल. अभ्यास घरी करील… नियम? कुणाचा नियम?… मास्तरांचा. मास्तर तर केव्हाच थकून गावी गेले. आता वर्ग तू चालवतोस… असं कसं? एकाला सूट दिली तर दहाजण मागतील?… मागू देत ना!… नाही, नाही, हे ऐकून घेणार नाही मी. घरी राहिला तर बोली सुधारत नाही, असं कुठं आहे?… मग माझं नाव काढ त्या कागदावरून… छापून झालं म्हणजे? किती वाटलेत?… कल्याणातही? थेट शहाडपर्यंत?… वा! म्हणजे तिथवर पूर्वीचा फिलिप उरला नाही. चांगली बातमी आहे… मी रागावलो नाही रे. मी तुला एवढंच सांगतो, लोक माझ्या नावावर घरचा माणूस धाडणार. माझं नाव असेल तर माझं म्हणणंही असायला हवं. नाहीतर दोन्ही काढ."

"काय म्हनतो?" आवडाबाई उठली.

"नियम आहे म्हणतो. मुंबईतच राहावं लागेल."

"दे इकडं."

"आवडाबाई, अगं हे यंत्र…"

"यंत्र हाय ना, चावत तर नाय? दे."

तिने नळी घेतली आणि तोंडाला लावली. फिलिपने ती तिच्या कानाकडे वळवली, आणि बोट करून बोलायची जागा दाखवली. मासळीच्या पाटीसमोर गिऱ्हाईक अडवून उभी राहावी, तशी आवडाबाई पेटीसमोर उभी राहिली.

"हॅलो? ओ मास्तर! मी आवडा… हां, ऐकते. तुमी बोला… हां… हां… मास्तर, मी हो नाय म्हनत. ऐकते म्हनते. आधीच सांगून ठेवते."

फिलिपने तोंड फिरवून खोकून घेतले.

"बरं. तुमचा नियम कळला. आता मी इचारू?… तुमी पन त्याच वर्गात शिकलाव ना?… फिलिपदादाच्या बाकावर. बरं. मंग तुमचं घर कुठं?… कल्यान. घरी कोन?… आई, आनि बायको. नाव काय तिचं?… सुमती. आनि तुमी ऱ्हाता कुठं?… माडीवर? अजून?"

तिचा आवाज खाली आला.

"अवो, पन तुमचं शिकून झालं ना?… मंग?… काम असतं. हां. काम तर सगल्यांनाच असतं… शेवटचं कवा गेलतां घरी?"

बाहेर खाडीच्या अंगाला होड्या एकमेकींवर आपटत होत्या. आवडाबाई नळी कानाला लावून वाट पाहत राहिली.

"गनपतीला?… मास्तर, आता शिमगा आला… नाय, नाय, मी रागं नाय भरत तुमाला. मी कोन भरनार? मी आपलं इचारलं. माझा घो तिकडं आला तर असाच ऱ्हाईल का, येवढंच मना बघायचं व्हतं… ओ मास्तर?… ओ?"

तिने नळी कानापासून काढून उलटसुलट पाहिली आणि फिलिपच्या हातात दिली. "हा गप झाला. बिघडलं काय रं तुझं यंत्र?"

"हरिहर?" फिलिपने हळूच हाक मारली, आणि मग ध्यानात येऊन मोठ्याने मारली. "हरिहर! आहेस ना?… बरं… काही बोलू नकोस, थांब. मी उभा आहे."

आवडाबाईही बसली नाही.

"हं. बोल… काय?… रतन?… पुन्हा सांग. पेटीत तोंड घालून सांग, ह्या वेळी मला गैरसमज नको… 'वर्गास दिवसा यावे. रात्री स्वगृही जावे.' बरं. आणि हे कोण म्हणतंय? नियम, का तू?… तू. पुरे. आणि वर्गाच्या समितीनं विचारलं तर?… सांगशील. शब्द दिलास ना? नुसतं ऐकत नव्हतास?… बरं, बरं. विश्वास आहे माझा."

फिलिपने नळीवर तळवा ठेवला. "आवडाबाई, जमलं. सोमवारपासून जाऊ दे त्याला. रोज रात्री घरी."

आवडाबाईने डोळे मिटून एकदा मान हलवली, एवढेच. मग पदर सोडून नीट केला.

"जाते. तो तिकडं होडीत बसलाय, तोंड पाडून. त्याला सांगते. आनि हा तुमचा कागुद घे. बोंबील बांधायला पन पुरत नाय."

ती दारातून गेली. फिलिप नळी खुंटीला अडकवणार, तोच आतून आवाज आला.

"हॅलो? आहे, आहे मी… कोण, ती? गेली… काय म्हणतोस?… कल्याणची गाडी? कधीची?… आजची? अरे, दिवे लागायच्या आधी सुटते एक बोरीबंदरवरून. निघालास तर मिळेल… मग सोड ना मुलांना! त्यांना आनंदच होईल… न्यायचं काय? काही नको… कळवूही नकोस. तू कळवायला बसलास की पत्राला वळण लावशील. नुसता जा… काय?… मोठ्यानं बोल… ती काय बोलेल? ते मी कसं सांगू?"

पलीकडून हरिहर आणखी काही विचारत होता. फिलिपच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली.

"हो. असंही होईल. कदाचित बोलणारच नाही… मी दोन वर्षं संपवून घरी आलो ना, तेव्हा माझी लेक मर्सी मला बघून दाराआड गेली. पाहुणा आला म्हणून आईला सांगायला… मग काय करणार? ओटीवर बसलो. रोझानं पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. मी बसून राहिलो… नाही, बोललो नाही काही. बोलायला गेलो असतो तर कचेरीतलंच आलं असतं तोंडातून… मर्सी? आली की. अंधार पडल्यावर आली. माझ्या बुटाला बोट लावून बघितलं आणि पळाली. मग परत आली… तूही बस तसाच. घाई करू नकोस… हरिहर?… अरे, मी काय म्हणतो… हॅलो?"

तारेतून लाकडी जिन्यावर धडधडणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. आधी एकाच माणसाची पावले, आणि मागोमाग सुट्टी मिळालेल्या सगळ्या वर्गाची. मग कोणीतरी नळी उचलली.

"हॅलो? कोण, त्र्यंबकराव?… मी फिलिपच अजून… मास्तर कुठं आहेत?… गेले? इतक्यात?… काय सांगता! पगडी टेबलावरच?… उघड्या डोक्यानं, भर रस्त्यातून?… नाही, नाही, माणूस धाडू नका मागं. गाठता यायचा नाही. राहू द्या तिथंच, सोमवारी येऊन घेतील… बरं आहे, ठेवतो."