मामांचे हवाई अंतर

अहो, ज्ञानाचा ताठा माणसाला कुठे नेतो म्हणाल, तर आमच्या वसाहतीतल्या कुलकर्णी साहेबांना तो थेट दिल्लीला घेऊन गेला. त्यांच्या भाचीचे लग्न नागपूरला होते आणि मामा म्हणून तिला बोहल्यावर आणण्याचा मान त्यांचा होता. भोपाळहून आम्ही शेजारी रात्रीच्या गाडीने निघणार होतो. साहेब मात्र भजनाच्या बैठकीतच मोबाईल दाखवू लागले, "काका, हवाई अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर! विमानाला पाऊण तास पुरे."

"पण थेट विमान आहे का?" मी विचारले.

"तुम्ही टाळ सांभाळा. अंतराचे गणित आम्हा इंजिनिअरांकडे राहू द्या."

थेट विमान नव्हतेच. पण एवढे बोलून झाल्यावर गाडीत आमच्या शेजारी बसायचे कसे? त्यांनी दिल्लीमार्गे तिकीट काढले. ऐन मुहूर्ताला त्यांचा मला फोन आला, "काका, दिल्लीत धुके आहे. विमान सुटतच नाही."

मी म्हणालो, "साहेब, संतांना न्यायला आलेले विमान थेट वैकुंठाला गेले होते. वाटेत दिल्लीला उतरले नव्हते."

अखेर भाचीला मीच बोहल्यावर नेले. साहेब पोहोचले तेव्हा शेवटची पंगत उठत होती. तरी बहिणीला म्हणतात कसे, "ताई, माझे गणित चुकलेले नाही. आकाशातून अंतर पाऊण तासाचेच आहे."

ताई शांतपणे म्हणाल्या, "असेल रे. पण नवरदेव बोहल्यावर उभा होता, आकाशात नव्हता."