परातीतला तुकडा

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या एका गल्लीत रहमा पाव भाजून घ्यायला भट्टीपुढे रांगेत उभी होती. तिच्या शेजारीच झहूरमावशींनी परदेशी मुलांना अरबी शिकवणाऱ्या उन्हाळी वर्गाच्या इक्रामबाईंना गाठलं होतं.

"बाई, तुमची ती अमेरिकन पोरगी माझ्याकडून दुसऱ्या घरी हलवा."

"का हो मावशी? त्रास देते?"

"छे, जेवतच नाही! एका परातीत जेवतो आम्ही सगळे. मी मांसाचा चांगला तुकडा तिच्या बाजूला सरकवते, आणि ती गपचूप माझ्याकडे ढकलते."

"रोज?"

"रोज! मग मी परत सरकवते, ती परत ढकलते. माझ्या हातचं आवडत नसेल तर तोंडावर सांग ना. तुम्ही शिकवलंत का हे?"

"वर्गात आम्ही अजून भाजीबाजाराच्या धड्यावरच आहोत. पण परवा तिनेच मला विचारलं."

"काय?"

"म्हणाली, 'मावशी सगळ्यांना मांस देतात आणि स्वतः रश्शात पाव बुडवून उठतात. त्यांना कोण देतं?'"

भट्टीवाल्याने रहमाला हाक मारली. तिने मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं.

"मग मावशी, उद्या हलवू ना तिला?"

"थांबा हो, घाई कसली! आज ढकलू दे तिला. मी परत सरकवणार नाही."