आत्याबाईले उचलायचं म्हणून

माझं माहेर अमडापूरचं. वडील वांगी-मिरची लावायचे, आई बाजाराच्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन जायची, अन् त्या घरात कॉलेजचं तोंड पाह्यलेली मी पहिली, चिखलीले बसनं जाऊन-येऊन बी.ए. झाली, हे आधी लिहा ताई, कारण लोक माह्या हाताकडं पाह्यतात अन् समजतात हिले सही तरी येते का नाही. अर्थशास्त्र होतं मले. आता विचारसान तर काहीच आठवत नाही, पण झाली म्हणजे झाली.

लग्न करून या गावात आली, देऊळगाव राजापासून जवळच. इथंही भाजीपाल्याचंच घर. सासरे मी पाह्यलेच नाहीत, सासू होती, तिले मी आत्याबाई म्हणते. अशी कडक बाई, काय सांगू तुमाले. तिचं एक ठरलेलं होतं, बाईमाणसानं उभं राह्यचं तर पाय जुळवून. मी हौदापाशी जरा पायात अंतर ठेवून उभी राह्यली का मागून आवाज यायचाच, काय पैलवानावानी उभी राह्यली गं, तुह्या मायनं हेच शिकवलं का. कधी मायचं नाव काढायची, कधी कॉलेजचं. वावरात निंदाले, तण काढाले गेलो तरी तेच, पाय जवळ, गुडघे ताठ, अन् कमरेतून वाकायचं, दिवसभर. तशी माही आईही तशीच वाकायची, तिले कोणी सांगितलं होतं देव जाणे. मले वाटायचं, बाया अशाच वाकतात.

मंग आत्याबाईले लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ तेवढी राह्यली. दवाखान्यातून घरी आणली त्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, मी अंथरुणात करणार नाही, मरीन पण अंथरुणात करणार नाही. पुण्याचा दीर फोनवर म्हणे, वहिनी, डायपर लावा, सगळेच लावतात. मी फोन तिच्या कानाशी धरला, ती म्हणे, तू लाव बाबा, अन् मले म्हणे, ठेव तो फोन.

झालं मंग. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून न्हाणीत, न्हाणीतून परत खाटेवर, सगळं उचलून. आमचे हे अंधारातच भाजी घेऊन जालन्याले निघतात, म्हणून सकाळ माह्या एकटीवर. ती चांगला हात माह्या गळ्यात घालायची अन् लोंबकळायची, मी पाय जुळवून वाकायची अन् हिसका देऊन वर घ्यायची. अंगानं भरलेली आहे ती. अन् लकव्याच्या माणसाचं वजन दुप्पट होते ताई, अर्धं अंग काही मदतच करत नाही ना.

एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावरच कमरेत असं झालं जसं कोणी जुनं लुगडं टरकावलं, अन् झणझण पार पायाच्या करंगळीपर्यंत गेली. मुठीच सुटल्या माह्या. दोघीही बसलो खाली, नशीब लागलं नाही कोणाले. ती म्हणे, ऊठ ना. मी म्हटलं, तुम्ही उठा ना. हसू आलं दोघींले. मंग रडलो. शेजारच्या बाया आल्या तवा कुठं उठलो.

चिखलीचा डॉक्टर म्हणे, ऑपरेशनचं काम नाही, आधी आराम करा, दुखणं बसलं का पाठीची-पोटाची ताकद वाढवा, नाहीतर परत याल. आराम कसा करू? सकाळी शेजारणी येऊन हात द्यायच्या, पण रोज रोज कोण येईन. अन् त्याच दिवसांत माह्या ध्यानात आलं, आत्याबाईनं पाणी सोडलं. गिलास पुढं केला का म्हणे तहान नाही. चहा अर्धा. ओठ तडकले, लघवीले जळजळ सुरू झाली, तरी म्हणे तहान नाही. कमी प्यालं का कमी उठावं लागते, हा हिशोब होता तिचा. मी म्हटलं, काऊन जीव देऊन राह्यल्या हो? तर भिंतीकडं तोंड करून म्हणे, तुही कमर नीट होऊ दे, मंग पिईन.

कमर जरा बसली तशी मी देऊळगावच्या जिममध्ये गेली. पंजाबी ड्रेस घालून. तिथं सगळे पोलीस भरतीचे पोरं. सर म्हणे, वजन कमी करायचं का ताई? म्हटलं, वजन उचलायचं, सासूचं. पोरं हसले. सर नाही हसले, म्हणे किती असेन वजन? म्हटलं, सिमेंटच्या पोत्याहून जास्त, अन् पोतं शिव्या देत नाही.

त्यांनी डॉक्टरचे कागद वाचले अन् आधी लोखंडाले हातच नाही लावू दिला. पाठीले काठी लावली, डोकं, पाठ अन् माकडहाड काठीले टेकलेलं पाह्यजे, म्हणे वाकायचं ते खुब्यातून, कमरेतून नाही, अन् पायात खांद्याएवढं अंतर ठेवा. काठीचं जमलं मले. पायाचं जमेना. सर पोरांकडं जाऊन परत येईपर्यंत पाय आपोआप जुळलेले. म्हणे ताई, कोणी ओरडते काय तुमाले? म्हटलं हाव, अमडापूरपासून ओरडून राह्यले.

मंग पाठीवर झोपून एक हात एक पाय उचलायचा, पोट आवळून. मंग नुसता दांडा. मंग त्याले लहानशी चकती, अन् ती हलकी वाटाले लागली तवाच दुसरी. उचलताना श्वास सोडायचा, हिसका द्यायचा नाही, अन् झणझण पायात उतरली का तिथंच खाली ठेवायचं, तिथं मर्दानगी नाही दाखवायची, हे त्या पोरांनाही ओरडून सांगायचे सर. मुठीसाठी दोन हातांत दोन वजनं धरून सरळ चालायचं. घरी मी पाण्याच्या बादल्या तशाच नेते आता, दोन्हीकडं सारख्या. गावात झालंच बोलणं, सासू खाटेवर अन् सून जिमले. बोलू द्या. शेत, स्वयंपाक, उचलणं, त्यात हे एक. ताकद येते ताई, पण थकवा जातो असं मले कोणी सांगितलं नव्हतं अन् तो गेलाही नाही.

आत्याबाईले गळ्यात लोंबकळू देऊ नका, हेही सरांनीच सांगितलं. तिच्या कमरेले पट्टा बांधा, तो धरा. मी जुन्या खाटेची नवार काढली, दुहेरी केली, दोन्ही बाजूले धराले कड्या शिवल्या. पहिल्या दिवशी तो पट्टा बांधून मी तिच्या समोर उभी राह्यली, पायात अंतर, गुडघे वाकवलेले, एकदम पैलवानावानी. ती पाह्यतच राह्यली माह्या पायाकडं. म्हटलं आता बोलन. मी श्वास सोडला अन् ती वर आली, सरळ. खुर्चीत बसल्यावर एवढंच म्हणे, पाणी दे.

आता माही कमर बरी झाली असं नका लिहू, टिकून आहे असं लिहा. थंडीत ठणकते. आत्याबाईचं अंगही काही सुधारणार नाही, डॉक्टरनं सांगितलं आहे. मी उचलत राह्यन अन् ती उचलून घेत राह्यन, जोवर आहे तोवर. ज्या घरात असं माणूस आहे त्या घरच्या बाईची कमर देव शाबूत ठेवो, दुसरं काय मागू.

आज सकाळी उशीर झाला होता मले, घाईत होती मी, पट्टा आवळला, कड्या धरल्या अन् उचलणारच, तर तिनं चांगल्या हातानं माह्या मांडीवर चापट मारली. म्हणे, थांब गं, पाय फाकव आधी, पाडशील मले. मी फाकवले. म्हणे, अजून.