कोरडे केस

आकाराम : चहा घ्या, बाई, पन इचारल्यालं सांगा. माझ्या पोरीचं केस कोरडं कसं?

ब्राह्मी : केस?

आकाराम : व्हय, केस. पंधरा दीस झालं, माया सकाळच्याला पवायचं शिकायला म्हनून तुमच्याकडं येती. दुपारी घरी येती तवा टावेल वला, कापडं वली. आन् केसाला हात लावावा तर ठनठनीत कोरडं.

ब्राह्मी : ऊन किती आहे काका! विहिरीपासून इथवर चालत येईपर्यंत वाळत असतील.

आकाराम : कानामागचं केस एवढ्यात वाळत न्हाईत. मेंढरं राखन्यात जल्म गेला माझा. नुसता लोकरीत हात घालून सांगतो, जनावर कवा भिजलं आन् कुठवर भिजलं. मला केसाचं शिकवू नगा.

ब्राह्मी : मुलींना आम्ही टोपी घालतो. प्लॅस्टिकची.

आकाराम : दावा बरं टोपी.

ब्राह्मी : आत्ता नाहीये माझ्याकडे.

आकाराम : नसनारच. शिकिवतंय कोन पोरींना? ते धिप्पाड पोरगं, भरतेश का कोन हाय ते?

ब्राह्मी : नाही नाही. भरतेश मुलांना शिकवतो. मुलींना मी. पाठीला रिकामे कॅन बांधतो, कमरेला दोर असतो, वर दोघं उभे असतात. दादासोंच्या विहिरीवर कधीही या बघायला. आजवर कुणाला साधा ठसका लागलेला नाही.

आकाराम : बाकीच्यांचं कोन इचारतंय तुमाला? बरं, त्ये ऱ्हाऊ द्या. ह्यो कागद वाचा. पोरीच्या दप्तरात घावला.

ब्राह्मी : हा होय! 'माझे घर. माझे नाव माया. आमच्याकडे बासष्ट मेंढ्या आहेत. दिवाळीनंतर आबा मेंढ्या घेऊन कृष्णाकाठाला जातात. तेव्हा घरी मी आणि आई दोघीच असतो...' हे तिनं स्वतः टाईप केलंय काका. आम्ही शाळेत संगणकही शिकवतो ना, त्या तासाला.

आकाराम : दोगी बायामानसं एकटी कवा असत्यात, मेंढरं किती, धनी कवा गावाला जातो. ह्ये कुनाला धाडायला लिवून घेतलं तुमी?

ब्राह्मी : कुणाला म्हणजे? कुणालाच नाही!

आकाराम : मागं अशीच मानसं आलती. गळ्यात पट्टा, हातात मोबाईल, लय ग्वाड बोलनारी. काय न्हाई, नुसता सर्वे हाय म्हनली. साल सरायच्या आत माळावं पवनचक्क्या हुब्या ऱ्हायल्या आन् आमची चराईची वाट गेली. म्हनून इचारतोय. तुमच्या गळ्यात बी पट्टा हाय.

ब्राह्मी : हा कॉलेजचा आहे. घ्या, वाचा. आणि तो कागद फाडून टाका हवं तर, संगणकातून पण मी पुसून टाकते. मी फक्त 'माझे घर' असा विषय दिला होता. बाकीच्या पोरांच्या कशाबशा चार ओळी झाल्या. मायाच्या एकटीच्या चौदा.

आकाराम : तिच्याच का चौदा?

ब्राह्मी : ती जास्त वेळ बसते.

आकाराम : बाकीची हिरीत असत्यात तवा बी?

ब्राह्मी : काका...

आकाराम : घावलं का न्हाई? मग टावेल कोन भिजिवतंय?

ब्राह्मी : शाळेच्या नळाखाली. तीच भिजवते.

आकाराम : आन् तुमी बगत बसता. असं हाय व्हय! तुमाला ह्यात काय मिळतंय त्ये तरी कळू द्या.

ब्राह्मी : आम्ही सेवा म्हणून...

आकाराम : सेवा! सांगलीची पोरं सुट्टी सोडून ह्या फुफाट्यात सेवा करायला आली. माझं केस उन्हानं पांढरं झालं न्हाईत, बाई.

ब्राह्मी : दहा मार्क मिळतात. आणि प्रमाणपत्र.

आकाराम : हां! ह्ये पटलं. आदीच सांगायचं की. आता म्होरलं बी असंच खरं बोला. माया पान्यात का उतरत न्हाई?

ब्राह्मी : ते मी सांगू शकत नाही. मी तिला शब्द दिलाय.

मंगल : सोडा त्यास्नी. चहा निवला त्यांचा. काय इचारायचं त्ये मला इचारा.

आकाराम : मंगल, तू मधी पडू नगं. पोरगी आईला बी फसवतीया.

मंगल : मला न्हाई फसवत. म्याच शपथ घातलीया तिला. पान्यात पाय घातलास तर आईचं मेल्यालं तोंड बगशील, म्हनलं.

आकाराम : तू? मला न इचारता? अगं, म्या फारमवर सही केली हुती!

मंगल : तुमी केली म्हनूनच घातली.

आकाराम : ऐका, बाई. तुमीच ऐका हिचं. गेल्या उन्हाळ्यात पोटचा पोरगा कालव्यात गेला, सतरा वर्साचा, आन् ही उरलेल्या लेकीला पवू देत न्हाई!

मंगल : दिग्विजयला पवाय येत न्हवतं व्हय? कुनी शिकिवलं हुतं त्येला? पाठीला डबा बांदून हिरीत कुनी ढकललं हुतं? लय छाती फुगवून सांगत हुता गावाला, माझं पोरगं मासा हाय म्हनून. येत हुतं, म्हनून तर मेंढीमागं उडी घातली त्येनं. ज्याला येत न्हाई ते पोरगं काठावं हुभं ऱ्हातं, वरडतं, आन् जितं ऱ्हातं.

आकाराम : म्या बी घालत हुतो उडी. माझ्या कमरंला इळखा कुनी घातला?

मंगल : म्या घातला. आन् पुन्ना येळ आली तर पुन्ना घालीन. शिमिटाचा कालवा, शेवाळ धरल्याला. वर चढायला कुठं बोट रुतंना. मेंढी म्होरं पुलाला अडकून निगाली. आपलं पोरगं निगालं न्हाई. तुमी तरी कसं निगाला असता?

आकाराम : साल झालं, तुझा त्यो इळखा माझ्या कमरंचा सुटला न्हाई.

ब्राह्मी : मी... मी येऊ नंतर?

मंगल : बसा, ताई. ह्येंचा संशय ह्येंच्यापाशी, माझा माझ्यापाशी. पवायला शिकिवताय म्हंजी कालव्यात उडी घालायची हिंमत देताय पोरास्नी. व्हय का न्हाई? खरं सांगा.

ब्राह्मी : नाही काकू, उलट आहे. पहिले तीन दिवस आम्ही कुणालाच पाण्यात उतरवत नाही. कुणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी घालायची नाही, हेच आधी घोकून घेतो. काठावर पालथं पडायचं, पाय पसरायचे आणि हाताला येईल ते टाकायचं. दोर, काठी, रिकामा कॅन. पोहणं त्याच्यानंतर.

मंगल : आसं शिकिवता?

ब्राह्मी : रोज. आणि माया त्यात सगळ्यांच्या पुढे आहे. ते काठावरचंच असतं ना, त्यात पाय भिजत नाहीत. तुमची शपथ मोडली नाही तिनं. तिचा दोर सगळ्यात लांब जातो, भरतेशपेक्षाही.

मंगल : मला एका शब्दानं बोलली न्हाई कार्टी.

ब्राह्मी : मी सगळ्यांना सांगितलं होतं, घरी जाऊन आई-वडिलांना करून दाखवा. सगळ्यांनी दाखवलं. ती म्हणाली, मी नाही दाखवणार.

आकाराम : का म्हनं?

ब्राह्मी : असंच. लहान आहे ती.

आकाराम : पुन्ना लपवालपवी. बाई, आता काय उरलंय लपवायचं? बोला.

ब्राह्मी : तिनं मला विचारलं होतं, ताई, दोर नसला तर पटका चालंल का? मी म्हटलं, चालेल की. दोरापेक्षा बरा. कापड आहे, ओल्या हातातून निसटत नाही. तर ती म्हणाली, ह्ये आमच्या घरी सांगू नका. मला तेव्हा काही कळलं नाही. आज तुमच्या डोक्याकडे बघितलं आणि... काका, माझं चुकलं. मी बोलायला नको होतं.

(आकाराम डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतो.)

आकाराम : धा हात हाय ह्यो.

मंगल : आवं, ऱ्हाऊ द्या.

आकाराम : त्यादिशी बी ह्योच हुता. पोरगं हात वर करून म्होरनं जात हुतं. किती लांब हुतं गं? सहा हात? सात? म्या आपला उडी घालू का कसं, ह्येच करत ऱ्हायलो. डोसक्याला हात लावला म्या, मंगल. दोनी हातानं डोसकं धरून वरडत हुतो. हातातच हुता की ह्यो! हातात हुता आन् सोडला न्हाई.

मंगल : तवा कुनाला सुचतंय!

आकाराम : पोरीला सुचलं. धा वर्साच्या.

मंगल : शिकिवलं म्हनून सुचलं. आपल्याला कुनी शिकिवलं हुतं? ह्या माळाला व्हातं पानी कवा हुतं? पानी आलं, पान्यासंगं कसं वागायचं त्ये सांगायला कोन आलं न्हाई.

आकाराम : म्या बाप हुतो त्येचा.

मंगल : आन् म्या कोन हुते? म्या बी तितंच हुते काठावं. अंगावं साडी हुती माझ्या. तुमच्या पटक्याहून लांब.

आकाराम : मंगल...

मंगल : गप ऱ्हावा आता. तुमास्नी साल झालं बोल लावतीया म्या. रातंदिस. तुमी एकदा तरी म्हनायचं हुतं, की तुझी बी साडी हुती म्हनून.

आकाराम : माझ्या कुठं ध्यानात आलं!

ब्राह्मी : काकू, उद्या मायाला...

मंगल : यील. शेरडं घिऊन आली की तिच्या म्होरं शपथ सुटली म्हनते. तोंडानं म्हनल्याबिगर ती न्हाई ऐकायची. उतरू द्या तिला. आन् ताई...

ब्राह्मी : हं?

मंगल : त्यो दोर कसा टाकत्यात, त्ये मला बी दावा.

ब्राह्मी : तुम्हाला? आत्ता?

मंगल : आत्ताच. थांबा, शेरडाचं दावं आनते.

आकाराम : दावं आखूड पडंल गं. ह्यो घे.