पान चाळीस

हे पुस्तक हातोहात मागे जाऊ द्या. जपून, पाठीचा डिंक सुटलाय. पान चाळीस उघडा. कोपऱ्यात पेन्सिलीची एक ‘बरोबर’ची खूण दिसेल. ती आपल्या गायकवाडांची. तिच्याशेजारी एक ठिपका आहे. त्या ठिपक्याबद्दल बोलायला मी उभा आहे.

आत्ता बुद्धवंदना झाली. गायकवाडांना निरोप द्यायला आपण सगळे आलात. धायरीहून, खडकवासल्याहून, त्यांच्या ऑफिसातलेही आलात. मी तीस वर्षं कॉलेजात साहित्य शिकवलं. बोलणं हेच काम होतं. आज जमत नाही. सांभाळून घ्या.

गायकवाड काय वाचायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. नसरीनताईंच्या वाचनालयातल्या जुन्या अमेरिकन कादंबऱ्या. पन्नास-साठच्या दशकातल्या, खिशात मावणाऱ्या. मुखपृष्ठावर हॅट घातलेला माणूस, पिस्तूल, मागे लांबलचक मोटार. मुखपृष्ठं सारखी, नावंही सारखी. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून तिथले सभासद आपापल्या ठरलेल्या पानावर खूण करतात. गायकवाडांचं पान चाळीस.

संध्याकाळी कट्ट्यावर मी त्यांना रोज टोमणा मारायचो. “काय गायकवाड, आज किती मुडदे?”

“दोनच, सर. तुमच्या थोर साहित्यात पहिला माणूस मरायला तीनशे पानं लागतात. आमच्याकडे लोकांना कामं असतात.”

एकदा मी विचारलं, अहो, यात तुम्हाला मिळतं तरी काय? ते म्हणाले, “यात माणूस बसमधून अनोळखी गावात उतरतो. खोली मागतो. बाई नाव लिहून घेते आणि किल्ली देते. आडनाव ऐकून तिचा चेहरा बदलत नाही.”

मी हसलो होतो. या शहरात पहिली खोली शोधताना त्यांनी किती चेहरे बदलताना पाहिले असतील, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. त्यांनी नुकतंच परत केलेलं पुस्तक बायकोच्या कार्डावर घेतलं. आवडलं. मग पुढचं घेतलं. नऊ वर्षं. नसरीनताई, तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत. खूण मलाही लागायचीच. त्यांच्या खुणेशेजारी मी ठिपका ठेवत गेलो. आणि कट्ट्यावर रोज विचारत गेलो, आज किती मुडदे?

दिवाळीनंतर ते आजारी पडले. त्यांनी परत केलेलं शेवटचं पुस्तक हेच; तेही मी लगेच घेतलं. यातला माणूस शेवटी सकाळच्या बसनं गाव सोडतो. बसथांब्यावर त्याच्या ओळखीचा एक जण उभा असतो. तो काही बोलत नाही. संपली कादंबरी. त्याखाली गायकवाडांनी लिहिलंय. एका खुणेपलीकडे पुस्तकाला कधी पेन्सिल न लावणाऱ्या गायकवाडांनी. “सर, तो थांबायला हवा होता का?”

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचं राहिलं.

उत्तर दिलं असतं तर मी वाचतो हे कबूल करावं लागलं असतं. मी भेटायला जात होतो. शोभावहिनी चहा देत होत्या. मी पाण्याच्या टँकरवर बोलत होतो. ते माझ्याकडे बघायचे. वाट बघत होते का? मला वाटतं, हो.

गायकवाड, आज सांगतो. थांबायला हवा होता. पण त्याला थांब म्हणायला जो आला होता, तो वेळेवर बोलला नाही.

पुस्तक फिरून झालं? द्या इकडे. आता दोन मिनिटं कोणी बोलू नये. मीही नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वाचनालय उघडलं. मी बायकोचं कार्ड परत केलं आणि माझ्या नावानं नवं काढलं. मग काउंटरवरच, त्यांच्या ओळीखाली माझं उत्तर लिहिलं. नसरीनताईंनी ते वाचलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं.